न टोचलेल्या लशीचा दाखला

मी पिवळ्या कागदाचा एक जुना दाखला आहे. मित्रांनो, दूरदेशी निघालेल्या माणसाने पीतज्वराची लस घेतली आहे, एवढे सांगणे हेच माझे काम. पीतज्वर हा डासांमुळे पसरणारा जीवघेणा ताप. काही देशांच्या जंगलांत तो असतो, आणि तिथून येणाऱ्या प्रवाशाला दुसरे कितीतरी देश माझ्याशिवाय आत घेत नाहीत. माझी भावंडे पासपोर्टात ऐटीत बसून जगभर फिरतात. मी मात्र अबुधाबीबाहेर कधीच गेलो नाही. आणि जे सांगायचे माझे काम, ते मी एकदाही खरे सांगितले नाही.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. जाड कागद, सुबक अक्षरे, नाव आणि तारीख लिहायला आखलेल्या रेघा. आपल्यावर कुणाचे नाव येईल, तो कुठल्या समुद्रापलीकडे जाईल, याची गठ्ठ्यातल्या आम्हा सर्वांनाच मोठी उत्सुकता होती. आधी दंडात सुई टोचायची, मग पेन उचलायचे आणि शेवटी शिक्का मारायचा, अशी आमची रीत. माझ्या बाबतीत ती सुई आलीच नाही.

ते २००९ साल होते. अबुधाबीजवळच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका खोलीत, चहाच्या कपांशेजारी, राजन नावाच्या माणसाने मला उघडले आणि एका दमात भरून टाकले. नाव, जन्मतारीख, लशीचा क्रमांक, सहा मार्च ही तारीख आणि वर एक गोल शिक्का. ज्याचे नाव लिहिले तो भिवा समोरच बसला होता. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत खाली होत्या.

"राजनसाहेब, सुई?" त्याने भीत भीत विचारले.

"अरे, सुई टोचली की दहा दिवस थांबायला लागतं. एवढा टाइम आहे कुणाकडे? कार्ड आहे ना हातात? खलास."

भिवाने मला उचलून खिशात ठेवले. त्याचाही नाइलाज होता. गुहागरकडचा हा वेल्डर अकरा वर्षे एकाच वर्कशॉपमध्ये राबला होता. आदल्या वर्षी जगाचा बाजार कोसळला, अर्ध्यावर आलेले टॉवर तसेच उभे राहिले, आणि एका रविवारी वर्कशॉपच्या फाटकाला कुलूप दिसले. व्हिसा रद्द झाला की तीस दिवसांत देश सोडायचा. कामगारांच्या कॅम्पमधल्या खाटा एकेक करून रिकाम्या होत होत्या. कुणाची चप्पल मागे राहिली, कुणाचे कॅलेंडर.

राजन मूळचा पुण्याचा. तो एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटे काढायचा. त्याचीही नोकरी गेली होती. आता तो कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर हॉटेल बांधायला माणसे जमवत होता. पर्यटक म्हणून उतरायचे, कामाचे कागद मागाहून होतील, असे तो सांगे. त्याने प्रत्येकाला एक यादी दिली होती. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. परतीचे तिकीट हवे. राहण्याच्या जागेचे बुकिंग हवे. नेहमीची औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीसह हवीत. वाटेत जंगलाच्या देशात थांबणाऱ्यांना पीतज्वराचा दाखला हवाच. यादी अगदी बरोबर होती. म्हणूनच तिची मला जास्त भीती वाटते.

पहिल्या तुकडीत सात जण गेले. त्यांत भिवाच्या वरच्या खाटेवरचा मिथुन होता. शेजारच्याच गावचा, हसतमुख पाइप फिटर. माझा एक सख्खा भाऊ, त्याच गठ्ठ्यातला, त्याच पेनाने भरलेला, मिथुनच्या पासपोर्टात बसून गेला. जाताना मिथुन म्हणाला, "भिवादा, तू ये मागनं. मी तुझ्यासाठी खिडकीकडची खाट धरून ठेवतो."

पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. बेट अजून दूरच होते. कागदांची वाट बघत सातही जणांना दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या एका नदीकाठच्या गावात ठेवले होते. "चारी बाजूंनी रान आहे," मिथुन म्हणाला. "आणि मच्छर असे, की तोंडात घास घालायची सोय नाही." तो हसत होता. भिवाही हसला. मी भिवाच्या खिशात होतो. मला हसू आले नाही.

दुसऱ्या तुकडीचा दिवस ठरला. भिवाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून तो डॉक्टरची चिठ्ठी घ्यायला शहरातल्या एका दवाखान्यात गेला. प्रवाशांना लसी देणारी नर्स तिथे बसायची. तिचे नाव शहनाझ, माहेर दापोली. आपल्या बोलीतला माणूस भेटल्यावर भिवाने अख्खी फाइलच तिच्यासमोर ठेवली. तिने एकेक कागद पाहिला आणि माझ्यापाशी थांबली.

"भाऊ, ही लस कुठल्या हाताला घेतलीत?"

भिवाने आधी डाव्या हाताकडे पाहिले, मग उजव्या.

"सहा मार्चला शुक्रवार होता," ती हळूच म्हणाली. "हा शिक्का ज्या केंद्राचा आहे, ते शुक्रवारी बंद असतं. कुणी दिलं हे तुम्हाला?"

भिवाने मान खाली घातली आणि सगळे सांगितले. मिथुनचे, नदीकाठच्या गावाचे, मच्छरांचेही. शहनाझने फाइल बाजूला सारली. "त्याला आधी कळवा. ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर एक तासही थांबू नका म्हणावं. या तापावर औषध नाही. लस आहे तेवढीच."

भिवाने दोन दिवस फोन लावला. लागला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिकडूनच फोन आला. बोलत होते बाबाजी, तुकडीतले वयाने मोठे गवंडी. तुकडी बेटावर पोहोचून चार दिवस झाले होते.

"भिवा, मिथुन तापलाय रे. कालपासून उलट्या. डोळे हळदीसारखे झालेत."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"त्याला पीतज्वराची शंका आली होती. पण त्यानं पिवळं कार्ड बघितलं आणि म्हणाला, लस घेतलीय म्हणजे तो ताप नाही. मलेरियाचं औषध चालू केलंय. सगळ्यांच्यात झोपवलाय त्याला, वॉर्डात."

मित्रांनो, कागदाला घाम फुटत नाही, पण भिवाच्या घामाने मी त्या दिवशी भिजलो. माझा भाऊ तिथे त्या आजाऱ्याच्या उशाशी पडून खोटी साक्ष देत होता, आणि एक शहाणा डॉक्टर तिच्यावर विश्वास ठेवत होता.

भिवा धावत राजनकडे गेला. राजन दार अर्धेच उघडून बोलला. "वेडा झालास का? खोटा कागद दाखवून आत शिरलेत ते. तू तोंड उघडलंस तर सातही जण जेलमध्ये. तुझंही नाव येईल. दोन दिवसांत ताप उतरेल, इन्शाल्ला. गप्प राहा."

भिवा रस्त्यावर येऊन उन्हात उभा राहिला. त्याच्या व्हिसाचे नऊ दिवस उरले होते. गावी सत्यभामा आणि दोन मुली होत्या. त्याने मला खिशातून काढले, उघडून आपले नाव वाचले, पुन्हा मिटले. मग हात करून टॅक्सी थांबवली आणि शहनाझचा दवाखाना गाठला.

"सिस्टर, तुम्हाला इंग्लिश येतं. त्या डॉक्टरला सांगा, की कार्ड खोटं आहे."

"भाऊ, तो विचारेल, तुम्हाला कसं ठाऊक. मला तुमचं नाव सांगावं लागेल. इथेही वरिष्ठांना कळवावं लागेल."

"सांगा. वरिष्ठांना हे पण दाखवा," असे म्हणून त्याने मला टेबलावर ठेवले.

बाबाजींमार्फत त्या डॉक्टरला फोन लागायला पाऊण तास गेला. शहनाझ बोलत होती आणि भिवा तिच्या ओठांकडे बघत होता. त्याला फक्त दोनच शब्द कळले, मिथुनचे नाव आणि स्वतःचे.

त्याच तासात मिथुनला वेगळ्या खोलीत, मच्छरदाणीत हलवले. उरलेल्या सहांना नजरेखाली ठेवले. वॉर्डातल्या रोग्यांनाही डासांपासून जपले. त्या बेटावर तो ताप आणखी कुणाला झाला नाही. पण मिथुन चौथ्या दिवशी गेला. त्याच्या बायकोला, विनिताला, ही बातमी भिवानेच कळवली. ती एकच प्रश्न विचारत राहिली, "पण त्यांनी तर इंजेक्शन घेतलं होतं ना? मला फोनवर सांगितलं होतं, सगळे कागद झालेत म्हणून."

सहा जण पुढे महिनाभर अटकेत राहून आपापल्या गावी परतले. राजनच्या खोलीला कुलूप लागले, फोन बंद झाला. भिवाची दोन वेळा चौकशी झाली. त्याने काही लपवले नाही. व्हिसाचा एक दिवस उरला असताना तो मुंबईच्या विमानात बसला. चौकशीत माझ्यावर रद्द केल्याची लाल शाईची आडवी रेघ पडली होती. शहनाझने विचारले, "हे तुम्हाला परत हवंय?"

"नको, सिस्टर. त्याच्यावर माझं नाव तेवढं खरं आहे. कुणाला दाखवता आलं तर दाखवा."

तेव्हापासून मी शहनाझच्या टेबलावरच्या काचेखाली आहे. मंदी आली आणि ओसरली, अर्धवट टॉवर पुरे झाले, कॅम्पमध्ये नवी माणसे आली. दूरदूरची बेटे बघायला आता सुट्टीवरची कुटुंबेही जातात. कुणी माझ्याकडे बघून थबकते, कुणी बघतही नाही.

मागच्या आठवड्यात एक चांगल्या कपड्यांतला गृहस्थ आला. त्याला सुई नको होती, नुसता शिक्का हवा होता. शहनाझने त्याला माझ्याकडे बोट दाखवून मिथुनची हकिकत सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली, घड्याळ बघितले आणि म्हणाला, "माझी फ्लाइट परवा आहे हो." मग तो बाहेर पडला, शिक्का मारून देणाऱ्याच्या शोधात.

मित्रांनो, प्रवास जरूर करा. पण माझ्यासारख्या कागदावर तुमचे नाव लिहिले जाण्याआधी बाही वर करा. सुईचे दुखणे दोन दिवसांत जाते. कागदाला मात्र स्वतःचे मत नसते, त्याच्यावर जे लिहाल तेच तो सांगत राहतो, अगदी तुमच्या उशाशी पडूनसुद्धा. तो गृहस्थ आता कुठल्यातरी विमानात असेल. त्याच्या खिशात माझ्यासारखाच एक कोरा करकरीत पिवळा दाखला असेल, आणि तो पाहून सगळीकडे त्याला हसतमुखाने आत सोडत असतील.