इंग्रजांच्या घुमटाखाली

ते तिकीट अजून मुठीतच होतं — किल्ल्याचं, घामानं मऊ पडलेलं — आणि ते टाकून द्यावं असं शोभाबाईला काही केल्या वाटेना. तिकीट काढून किल्ल्यात शिरलेली लिंबायतच्या आमच्या गल्लीतली मी पहिली बाई... तिला स्वतःशीच हसू आलं. सगळा जन्म सुरतेत गेला, पोरं इथं झाली, त्यांची लग्नं झाली, आणि चौकातला किल्ला बघितला आज! तोही पायी, सावकाश. मग मुगलीसरा, जिथं इंग्रजांची कापडाची कोठी होती म्हणतात; आता तिथं नुसती दुकानं, तरी ती मान वर करून बघत राहिली. नवरा, हिलाल, दोन पावलं मागं. दिवाळीची सुट्टी, लाभपाचमीपर्यंत कापडाचे लूम बंद म्हणून आला, नाहीतर तो कसला येतोय.

पण खरी ओढ होती कतारगाम दरवाज्याजवळच्या घुमटांची. बहिणीकडे जाताना रिक्षातून ते भिंतीपलीकडे दिसायचे आणि शोभाबाई दर खेपेला हात जोडायची — महादेवाचं जुनं देऊळ असणार, दुसरं काय? पोराचं, चेतनचं, लग्न जमेना तेव्हा तर तिनं रिक्षातूनच नवसही बोलला होता. परवा सून हर्षदा सोबत होती, ती पोट धरून हसली. आई, ती इंग्रजांची थडगी आहेत! शोभाबाई ओशाळली खरी, पण क्षणभरच. नवस फळला होता की! ही हसणारी घरात आली ती त्याच नवसानं. मग आपलं गाऱ्हाणं ऐकलं तरी कुणी, हे बघायला नको?

आणि पोटात दुसरंही होतंच. भाऊबीज झाली की गावाहून धाकटा दीर शालिग्राम फोन करणार होता: तुमच्या घराचा पाया घालू का? हो म्हटलं की लूम सुटलं, सुरत सुटली, दोघं कायमचे गावी. हिलालनं ते मनाशी ठरवूनच टाकलेलं. तिला विचारावं हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला मात्र जायचं नव्हतं. भिशीच्या बाया, कानबाईच्या जागरणाच्या रात्री, साड्यांना टिकल्या लावताना रंगणाऱ्या गप्पा... हे सोडून जावेच्या मर्जीनं राहायचं? म्हणून ही भटकंती. इतक्या लांबून आलेले लोकही इथं कसे रमले ते त्याला दाखवायचं, मग तोच म्हणेल, राहू या. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही.

फाटकात तिनं सवयीनं चपला काढल्या. हे मंदिर नाही मासी, असं राखणदार हसत म्हणाला, तरी तिनं त्या घातल्या नाहीत. आत गवत, पोपट, आणि घुमटावर घुमट — मेलेल्या माणसांना एवढे वाडे! जत्रेत सुटलेल्या पोरीसारखी ती या कमानीतून त्या कमानीत फिरली, प्रत्येक खांबाला हात लावला. सगळ्यात मोठ्या घुमटाखाली हिलाल भिंतीवर तळवा टेकून उभा होता.

"ह्या बी कपडासाठेच उनथात ना आठे?" त्यानं विचारलं. आपल्यासारखेच कापडापायी इथं आलेले हे लोक.

"हां."

"मंग गावले काबर नही गयात?"

उत्तर तयार होतं. जीव रमला, म्हणून. पण हर्षदानं फोनवर वाचून दाखवलं होतं — पुष्कळसे तरुणपणीच गेले, तापानं, परतीच्या गलबताची वाट बघत... याला ते कुठं माहीत? नुसतं 'रमले' म्हणायचं, की काम फत्ते. आणि एकाएकी तिला त्या मेलेल्यांचीच लाज वाटली. ज्यांना इतकी वर्षं हात जोडले, त्यांच्या नावावर खोटं बोलायचं?

"जावाले भेटनं नही त्यास्ले," ती म्हणाली.

हिलालनं मान हलवली. गेली बाजी, तिला वाटलं; आता तर तो जमतंय तोवर गावी निघू या म्हणणार. पण वाईट वाटेना. उलट छातीत नुसती धडधड, आनंदाची. त्यांना जायला मिळालं नाही. मला जायचंच नाही... केवढा फरक! आणि हे मी त्याला कधी सांगितलं? पोरांना हे हवं, घराला ते हवं, तुम्हाला काय हवं — पण 'मला' म्हणून सुरू झालेलं एक वाक्य काही आठवेना.

"माले गावले नही जानं," ती अगदी हळू बोलली.

"काय?" हिलालनं कानामागं हात धरला. लूमच्या खडखडाटात त्याचे कान कधीचेच गेलेले. त्याला काही सांगायचं तर गल्लीला ऐकू जाईल असंच सांगावं लागतं.

शोभाबाईनं वर पाहिलं. इथं मोठ्यानं बोललं तर केवढं घुमेल! तिनं पदर खोचला आणि छाती भरून श्वास घेतला.