पंचनाम्यातली खुर्ची

हवालदाराने दोनदा उडी मारून पाहिली, पण माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्याला त्याचं बोट काही लागेना. शेवटी फौजदारांनी घरमालकाकडून खुर्ची मागवली. तिच्यावर चढून हवालदाराने डबा उतरवला, वरचे दोन मुठी उकडे तांदूळ बाजूला सारले, आणि खाली गांजाची पुडकी दिसली. महिला पोलीस मोबाईलवर हे सगळं टिपत होती.

दत्ताराम दाराशी उभा राहून बघत होता. गोव्यातल्या पार्से पंचायतीत कारकुनी करून त्याला वीस वर्षं झाली होती, पण पंच म्हणून तो कधी कुठे गेला नव्हता. सकाळी फौजदार कचेरीत येऊन दोन माणसं द्या म्हणाले, तेव्हा शिपाई विठ्ठल कुरकुरला. दत्ताराम मात्र लगेच उठला होता. आजवर त्याने छाप्याच्या बातम्याच काय त्या वाचल्या होत्या.

अशा बातम्यांत कधी न दिसणारी बाई इथे समोर भिंतीला टेकून बसली होती. राणी नाव. गडहिंग्लजकडची, तुयेच्या कारखान्यात पॅकिंगला. लहान चणीची, उंचीला फार तर दत्तारामच्या खांद्याला लागेल. नवरा ओंकार हरमलला भाड्याच्या स्कूटर पोचवायचा. तो कालपासून बेपत्ता होता.

"खोली कोणाच्या नावावर?" फौजदारांनी विचारलं.

"माझ्या. कंपनीचं कार्ड माझ्याकडंच हाय म्हणून."

"म्हणजे खोली तुझी, चूल तुझी. आणि डब्यात काय आहे ते तुला माहीत नाही?"

"न्हाई साहेब."

"नवरा काय विकतो, तेही?"

राणीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "स्कूटरी पोचवतो म्हणायचा."

दत्तारामला राहवलं नाही. "सायब, माल घोवाचो. हिचो काय गुन्हो?"

फौजदारांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, पण ते चिडले नाहीत. "नवऱ्याबरोबर राहणं हा गुन्हा नाही. माहीत असून घर वापरू दिलं, तर आहे. आणि माल घरात सापडल्यावर 'मला माहीत नव्हतं' हे तिलाच कोर्टाला पटवावं लागतं. सगळं तिथे अडतं."

माहीत होतं की नव्हतं. दत्तारामला मोठं नवल वाटलं. माणसाच्या मनातली गोष्ट, ती कोर्ट कशावरून मोजणार? तो खोली नीट न्याहाळू लागला. गुंडाळलेली गादी, गॅस, दोन कळशा, कपड्यांची दोरी. चढून उभं राहावं असं काहीच नव्हतं. त्याने माळ्याकडे पाहिलं, मग राणीकडे.

वजन झालं, पुडक्यांवर लाखेचे शिक्के बसले. फौजदारांनी लॅपटॉपवर पंचनामा लिहिला आणि दोघा पंचांना समजेल असा वाचून दाखवला. स्वयंपाकाच्या जागेतील डब्यातून माल मिळाला, असं त्यात होतं. विठ्ठलने सही ठोकली. दत्तारामने पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

"डबा माळ्यावर होता, सायब. खुर्ची आणून काढला."

"मग?"

"तेवढं लिहा."

"डबा वर काय, खाली काय. माल तोच ना?"

"हवालदारांचा हात पोचला नाही. हिचा कसा पोचणार? मोबाईलात आलंच आहे, तर कागदावरही येऊ दे."

फौजदारांनी सुस्कारा सोडून दोन ओळी घातल्या: माळा आठ फूट, खोलीत चढण्याजोगं साधन नाही, घरमालकाची खुर्ची वापरली. त्या वाचल्या जात असताना राणीने पहिल्यांदाच मान वर करून दत्तारामकडे पाहिलं, आणि लगेच खाली घातली. त्याला ते आभारासारखं वाटलं. त्याने झोकात सही केली.

राणीला चौकशीसाठी नेलं. "नवरा मिळेपर्यंत काही सांगता येत नाही," जीपमध्ये बसताना फौजदार म्हणाले, "पण तुमच्या त्या खुर्चीवर हिचा वकील खूश होईल."

जीप वळणाआड गेली. विठ्ठल आधीच सटकला होता. दत्ताराम स्कूटरची किल्ली चाचपत असताना पलीकडच्या खोलीतली शेवंती बाहेर आली. तिच्या हातात लाकडी स्टूल होता.

"ह्यो कोणाकडे देऊ? राणीचो."

"तुझ्याकडे कसा?"

"परवा आणून ठेवलान. माका आता लागणा नाय म्हणाली." शेवंतीने स्टूल खाली टेकवला. "मी मागूंकच नाय हो. माझो माझ्याकडे आसा."

दत्तारामने स्टूल उचलून पाहिला. चांगला उंच होता, तरी एका हातात सहज आला. परवा. तो मनातल्या मनात दिवस मोजू लागला. ओंकार काल गेला. नवऱ्याला डबा पुन्हा काढता येऊ नये म्हणून दिला असेल. किंवा पोलीस येणार हे ओळखून तिनेच तो खोलीतून हलवला असेल. नाही तर नुसतीच जागा अडत असेल. त्याने स्टूल होता तिथे परत ठेवला.

"तुझ्याकडेच असू दे."

चार पावलं जाऊन तो मागे वळला. "आणि पोलिसांनी विचारलं, तर खरं ते सांग."

"माका कोण विचारता?" शेवंती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि तुका विचारल्यान तर?"

दत्तारामने हेल्मेट डोक्यात घातलं. त्याचा पट्टा काही केल्या लागेना.