आठशेच्या खाली

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने आईला खुर्चीसकट टेबलाशी ओढलं, लॅपटॉप जरा बाजूला सरकवला आणि आकडा मोठ्याने वाचला.

"सातशे त्र्याण्णव."

"आणि रेघ?"

"आठशे."

आईने मान हलवली आणि डावा तळहात टेबलावर सपाट टेकवला. चाळीस वर्षं तिने शिंप्याच्या दुकानात कापड बेतलं होतं. उजव्या हातात कात्री, डावा पंजा कापडावर. कापड सूतभरही हलता कामा नये. पुढे दुकान सुटलं, मग डोळे गेले, पण काही ऐकायला बसली की तिचा पंजा असाच टेकायचा. घरात कुणाला त्याचं काही वाटत नसे. निदान पहिले दोन महिने तरी.

शेअर बाबांचे होते. फाउंड्रीत उभं आयुष्य घालवल्यावर कंपनीने निवृत्तीच्या वेळी जे काही हातावर ठेवलं, ते स्वतःच्याच शेअरच्या कागदांच्या रूपात ठेवलं. जाताना ते आईला एवढंच म्हणाले, "ते विकू नका गं. माझा घाम आहे त्यात." आईने शब्द दिला, आणि आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पुढे त्याची नोकरी गेली तेव्हाही शेअरचं नाव कुणी काढलं नाही. तो निर्यातीच्या गोदामात पॅकिंगचा सुपरवायझर होता. समुद्रापलीकडच्या मोठ्या गिऱ्हाईक देशाने आयातशुल्क चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं, आणि त्या खेळात एका सोमवारी गोदामाला कुलूप लागलं.

मग त्याने युक्ती काढली. शेअर विकायचे नाहीत ना? नको. ऑप्शन विकायचा. म्हणजे विसार घेण्यासारखंच. समोरच्याने आज थोडे पैसे द्यायचे. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी भाव आपण आखलेल्या रेघेच्या वर गेला, तर रेघेच्या भावाने शेअर उचलून न्यायचे. नाही गेला, तर शेअर आपले आणि विसारही आपला. बाजार भेदरलेला असला की विसार जास्त मिळतो, आणि शुल्काच्या बातम्यांनी बाजाराची पार गाळण उडालेली होती. दर महिन्याला घर चालेल एवढं सुटायला लागलं.

"पण आईंना सांगितलंत का, वर गेला तर शेअर जातात म्हणून?" बायकोने पहिल्याच महिन्यात विचारलं होतं.

त्याने सांगितलं. आई म्हणाली, "मग वर जाऊ द्यायचा नाही. त्यात काय एवढं!"

तिघंही हसले होते. आता ते हसणं आठवलं की त्याला कसंसंच होई.

पहिल्या महिन्यात रेघ साडेआठशेची होती. त्या दिवशी भाव आठशे एकोणपन्नासला येऊन थबकला आणि साडेतीनला बाजार बंद झाला. दुसऱ्या महिन्यात रेघ आठशे वीसची, भाव एकोणीसवर. तिसऱ्या महिन्यात रेघेला दहा पैसे कमी असताना वेळ संपली. दलालाचा फोन आला.

"साहेब, तुमचं नशीब बघून मला कापरं भरतं. एवढ्या बाजारात हा एकच कागद बरोबर तुमच्या रेघेशी येऊन दम टाकतो. कोण बसलंय तिथं?"

"आई बसलीय," तो म्हणाला. दलाल खो खो हसला. याला हसू आलं नाही.

कारण त्याने पाहिलं होतं. पहिल्या वेळी आई त्या दिवशी लवकर झोपली. दुसऱ्या वेळी तिला कप उचलवेना. तिसऱ्या वेळी दोन दिवस अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. वयाचं म्हणून सोडून द्या. त्याने सोडून दिलं. नुसतं सोडून दिलं नाही, या महिन्यात रेघ आणखी खाली आणून आठशेवर ठेवली. रेघ भावाच्या जितकी जवळ तितका विसार मोठा. आपण हे कुणाच्या जिवावर करतोय हे अर्ध्या मनाला ठाऊक होतं, आणि उरलेलं अर्धं मन आलेले पैसे घेऊन गप्प बसलं होतं. लाज वाटत होती. पण पैसे हातात पडले की लाजेला कोण विचारतं!

अडीचला बातमी आली. बोलणी यशस्वी, शुल्क मागे. पडद्यावर खालपासून वरपर्यंत सगळे आकडे हिरवे झाले. पोलाद सुटलं, जहाजं सुटली, पंप, पाइप, काय काय सुटलं. फाउंड्रीच्या कागदाने एकदाच उसळी घेतली आणि तो सातशे नव्याण्णववर अडकला.

"भाव?" आईने विचारलं.

"सातशे नव्याण्णव."

"हं."

आकडा थरथरत होता. नव्याण्णव, नव्याण्णव पन्नास, पुन्हा नव्याण्णव. खरेदीवाल्यांची रांग लांबच लांब लागलेली दिसत होती आणि तरी भाव जागचा हलत नव्हता. टेबलाची फळी बारीक कुरकुरली. त्याने वाकून खाली पाहिलं. खाली काही नव्हतं, आईचे पाय तेवढे होते, आणि तिच्या टाचा जमिनीवरून उचललेल्या होत्या. सगळा भार तिने पुढे, हातावर टाकला होता.

बायको सरबताचा पेला घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अहो, आईंचा रंग बघा."

आईचा चेहरा राखाडी पडला होता. ओठ आत ओढलेले. नखं पांढरीफटक. त्याने तिच्या पंजावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. एवढा गार हात त्याने आयुष्यात एकदाच धरला होता, बाबांचा, अगदी शेवटी.

"आई, उठ. पडायला चल."

"किती वाजले?"

"पावणेतीन."

"मग अजून वेळ आहे."

त्याने पंजा उचलू पाहिला. आधी हलक्या हाताने, मग जोर लावून. वर्षानुवर्षं त्याच्या पाठीवरून फिरलेला, पाखराएवढा हलका हात, आणि तो तसूभर हलेना. बायकोने दुसऱ्या बाजूने खांदा धरला. खुर्ची हलली, पण हात होता तिथेच राहिला.

"सोड ना गं! जाऊ देत ते शेअर. मला नकोत!"

"तुझे नाहीतच मुळी," आई दातांतल्या दातांत म्हणाली. "शब्द माझा आहे. तू आकडा सांग."

पडद्यावर सातशे नव्याण्णव ऐंशी होतं. आईच्या कपाळावरची शीर ताडताड उडत होती आणि श्वास मध्येच तुटत होता. तीन वाजत आले होते. अजून अर्धा तास ही पुरायची नाही, हे त्याला लख्ख कळलं. इतकं कळूनही आपण गेले तीन महिने आकडे वाचत बसलो, हेही कळलं. तो पुन्हा खुर्चीवर बसला. घसा खाकरला.

"सातशे साठ," तो म्हणाला.

बायकोने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"काय?" आई म्हणाली.

"पडला. बातमी खोटी निघाली म्हणे. धडाधड खाली येतोय. सातशे छप्पन्न."

"खरं सांगतोस?"

"आता खोटं कशाला सांगू? हे बघ, सातशे एक्कावन्न. आता काही तो वर यायचा नाही. तू हात काढ."

आईने कितीतरी वेळ कोंडलेला श्वास सोडला. खांदे उतरले, टाचा जमिनीला टेकल्या. पंजा टेबलावरून आपसूक निसटून मांडीत पडला. त्याच क्षणी पडद्यावर आठशे तीन झालं. मग आठशे अकरा. मग आठशे चाळीस.

"सातशे अठ्ठेचाळीस," तो वाचत राहिला. आवाज जमेल तेवढा एकसारखा ठेवला. "सातशे पंचेचाळीस."

बायको तोंडावर पदर दाबून पडद्याकडे बघत होती. आकडा आठशे सत्त्याऐंशीवर गेला. आईचा हात तिने दोन्ही हातांत घेऊन चोळायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने त्याच्याकडे पाहून मान हलवली. ऊब येत होती.

साडेतीनला तो म्हणाला, "राहिले गं शेअर."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि खुर्चीतच झोपली.

दोन दिवसांत शेअर खात्यातून गेले आणि त्यांचे आठशेच्या भावाने पैसे आले. त्याने आईला काही सांगितलं नाही. बायको म्हणाली, कधी ना कधी सांगावंच लागेल. तो म्हणाला, सांगू. रोज सकाळी ठरवायचा आणि रोज संध्याकाळपर्यंत टाळायचा. आई मात्र टुणटुणीत झाली. जेवण वाढलं, गालांवर रंग आला, सुनेला नेहमीसारखे टोमणेही मारायला लागली. ते टोमणे ऐकून सुनेला बरं वाटलं, हे तिने सासूला मुळीच कळू दिलं नाही.

महिना संपला. त्या दुपारी तो टेबलाशी बसून नोकरीचे अर्ज लिहीत होता. भिंत चाचपत आई आली, स्वतःच खुर्ची ओढून बसली आणि तळहात टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे नुसता ठेवला, दाबला नाही.

"आज तो दिवस ना? भाव काय?"

आता सांगावं, असं त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. समोर पडद्यावर अर्धवट लिहिलेला अर्ज होता. त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. बायको तिथे उभी होती.

"सातशे वीस," तो म्हणाला.

आईची बोटं टेबलावर हळूहळू फिरत राहिली, कापडाची सुरकुती काढल्यासारखी.

"मग?"

"सातशे दहा."

"थोडा वरचा सांग रे," आई म्हणाली. "एवढा खाली आणलास तर तुझ्या बाबांना वाईट वाटेल."