तिसऱ्या डब्यातली नोंद

निवृत्त नवरा दिवसभर घरात बसलेला आमच्या हिला बघवेना, म्हणून तिने हा खेळ शोधून काढला. गावाबाहेरच्या जुन्या हवेलीच्या आवारात हौशी मंडळी डबे लपवून ठेवतात. फोनवरचा बाण दाखवेल तिकडे जायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत सही करायची, एक वस्तू घ्यायची आणि बदल्यात आपली एक ठेवायची. यातलं घ्यायचं तेवढं मला पटलं.

पहिला डबा कारंज्यामागे, फुटक्या दगडी सिंहाच्या पोटाखाली सापडला. त्यातली पितळी शिट्टी मी खिशात टाकली.

"अहो, काहीतरी ठेवा ना!"

"कोण बघतंय? फुकट ते पौष्टिक."

"बत्तीस वर्षांत कुठे काही ठेवलं असेल तर शपथ!"

सही करायला वही उघडली, तर सही आधीच केलेली. कारखान्याच्या स्टोअरमध्ये जिच्याशिवाय साधा स्क्रू हलत नसे, जिच्या शेपटाची नक्कल कुणाच्या बापाला जमली नाही, ती माझी सही, आजच्या तारखेची. शेजारी माझ्याच अक्षरात, 'घेतली: शिट्टी. ठेवलं: बटण.' मी शर्ट चाचपला. वरचं बटण नव्हतं. ते डब्याच्या कोपऱ्यात पडलं होतं.

"केलीत आणि विसरलात," ही म्हणाली. "काल चष्मा फ्रिजमध्ये सापडला, आठवतंय ना?" आठवत होतं, म्हणून मी वही मिटली आणि बाण दाखवेल तिकडे निघालो.

दुसरा डबा वठलेल्या झाडाच्या ढोलीत होता. 'घेतली: गोटी. ठेवला: रुमाल.' रुमाल खरोखरच आत होता, सकाळी हिनेच इस्त्री केलेला. शहाण्या माणसाने गोटी परत ठेवून इथूनच माघारी फिरावं. पण हाती आलेली फुकटची गोटी सोडायची म्हणजे माझ्या अगदी जिवावर आलं.

तिसरा डबा उंच हिरव्या कुंपणांच्या भुलभुलैयात, अगदी मधोमध होता. मी आधी त्यातलं होकायंत्र खिशात घातलं आणि मग वही उघडली.

'घेतलं: होकायंत्र. ठेवली: बायको.'

सकाळपासून पाठीमागे चाललेली चपलांची फटफट थांबली होती. तोंडाचा पट्टाही.

"अगं!" मी हाक मारली. एरवी प्रश्न विचारायच्या आत हिचं उत्तर येतं. आता कुंपणाचं पानही हललं नाही. माझी पाचावर धारण बसली. शिट्टी, गोटी, होकायंत्र, सगळं मी डब्यात कोंबलं, वर पाकीट आणि घड्याळही टाकलं. ओळ काही जाईना. ही नसेल तर मला दिवसभर बोलणार कोण, या विचाराने मला रडूच कोसळलं. शेवटी पेन काढलं, 'बायको' खोडलं आणि तिथे लिहिलं, 'मी'.

लगेच फटफट ऐकू आली. ही वळणावरून आली, छान धडधाकट.

"कुठे गेली होतीस गं?" मी ओरडलो. ती माझ्या अंगावरून सरळ पुढे गेली. तिच्यामागून हुबेहूब माझ्यासारखा एक गृहस्थ आला. त्याच्या शर्टाचं वरचं बटण नव्हतं. तिने त्याची कॉलर सारखी केली, वाकून वहीतली ओळ वाचली आणि डब्याचं झाकण नीट दाबून लावलं.

"अगंबाई," ती त्याला कौतुकाने म्हणाली, "आज चक्क काहीतरी ठेवलंत!"