मोरचूद घातलेली खळ

जोत्यानं मागितलं साधं सूत. आप्पानं दिलं खळ घातलेलं. एवढंच झालं, आणि एवढ्यावर आमचं घर मोडलं.

जोतिराम माझा धाकटा भाऊ. वडगावच्या विणकराच्या घरात जन्मला, बेळगावच्या कॉलेजात मासे-किडे शिकला आणि नोकरीला गेला ते थेट रामेश्वराकडं, समुद्रावर. नोकरी हंगामी. "समुद्रात काय करतोस रं?" म्हणून इचारलं तर म्हणाला, "पोवळ्याची बाग लावतो, आक्का." गळ्यात घालायचं तांबडं पोवळं न्हवं. तळाला झाडागत फांद्या फुटून वाढणारा जीव असतोय म्हणं. चुन्याच्या भट्ट्यांसाठी लोक पहारी घालून तो काढत हुते, होड्या भरभरून. मोडून पडलेल्या जित्या फांद्या जोत्या बुडी मारून गोळा करायचा, फरशीच्या तुकड्यांवर बांधायचा आणि परत तळाला मांडायचा. जीव धरला की फांदी आपणच दगडाला चिकटते. ही पहिली बाग जगली तर साहेब त्याला कायम करणार हुता, आणि तिथलं खणणं बंद करा म्हणून वर लिहिणार हुता.

त्र्याऐंशीच्या दिवाळीला आला तवा बोटं सगळी कापलेली. तार गंजत हुती, नायलॉन फांदीत रुतत हुता. जेवता जेवता म्हणाला, "आप्पा, मला सुती दोरा पायजे. काही म्हैने धरील आणि मग आपणच कुजून जाईल असा."

आप्पाचं तोंड बघायला पायजे हुतं तुमी. गल्लीत यल्लाप्पानं पॉवरलूम बसवल्यापासनं आमचा हातमाग गप पडलेला. आमच्या आप्पाकडं, सत्याप्पा विणकराकडं, कुणी काय मागितलं त्याला वर्सं झालती. आणि आता शिकला-सवरलेला पोरगा सूत मागत हुता. मेला माणूस उठून बसावा तसा म्हातारा उठला.

जोत्या परत गेला आणि आप्पानं गल्लीत सूत ताणलं, खळ शिजवली, कुंचा हातात घेतला. आमच्यात कोरं सूत घराबाहेर देत न्हाईत, कच्ची भाकरी ताटात वाढल्यागत असतंय ते. पावसाळ्यात खळीला बुरशी धरू नये म्हणून आप्पा तिच्यात चिमटीनं मोरचूद घालायचा. ह्या खेपेला मूठ भरून घातला. म्हणाला, "पोरगं पाण्यात काम करतंय गं. तिथं बाराम्हैने पावसाळा." कुणालाबी पटलं असतं ते.

पार्सल गेलं. बापाच्या हातचं सूत म्हणून जोत्यानं सगळ्या बागेला तेच बांधलं.

उन्हाळ्यात जोत्या ट्रंक घिऊन दारात उभा. आप्पानं पाणीसुदिक पिऊ दिलं न्हाय.

"सूत टिकलं न्हवं रं?"

"टिकलं, आप्पा. एक गाठ सुटली न्हाय."

झालं. आप्पा गल्लीभर सांगत सुटला. यल्लाप्पाच्या दारात जाऊन म्हणाला, "तुझ्या मशीनवरचं कापड एकदा समुद्रात टाकून दाव."

खरं काय ते जोत्यानं मला चुलीपाशी सांगितलं. बाग पांढरी पडून मेली. त्यानं टाकीत एका फांदीला आप्पाचं सूत बांधून बघितलं, दुसरीला बाजारचं. बाजारची जगली. मोरचूद पाण्यातल्या जिवाला विख असतंय म्हणं. साहेबानं ह्याला घरचा रस्ता दावला. मेलेल्या फांद्या भट्टीवाल्यांनीच उचलून नेल्या, आणि जाता जाता ह्याला म्हणाले, फुडच्या वर्सी अजून लावा.

"ल्हानपणी दुकानातनं मोरचूद तूच आणायचास की रं. तुला ठावं न्हवतं?"

"इसरलो, आक्का. आप्पाला सांगू नगंस."

मला लई राग आला. घरचं इसरायचं ह्यानं, आणि वर दया दावायची ती म्हाताऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पानं गल्लीत परत सूत ताणलं, पैल्यापेक्षा दुप्पट. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत हुता, माझ्या पोराच्या बागेसाठी म्हणून. यल्लाप्पा दारात उभा राहून हसत हुता. जोत्या उंबऱ्यावर बसून नुसता बघत हुता. मला न्हाय ते सोसलं.

"आप्पा, ठेव तो कुंचा. तुझ्या मोरचुदानं बाग मेली. पोराची नोकरी गेली."

आप्पानं जोत्याकडं बघितलं. "व्हय रं?"

जोत्यानं मान हलवली.

"किती मेली?"

"सगळी."

आप्पा परत कुंचा फिरवाय लागला. अर्धी खळ दिऊन सोडलं तर सूत चिकटून वाया जातंय. त्यानं शेवटापतोर खळ दिली, उन्हात वाळवलं, लडी वळल्या आणि मागाच्या खोलीत खुंटीला टांगल्या. त्यानंतर तो जोत्याशी बोलला न्हाय. माझ्याशी तर न्हाईच न्हाय. जोत्या म्हैन्याभरात यल्लाप्पाच्या पॉवरलूमवर कामाला लागला, अजून तिथंच हाय.

आप्पाला जाऊन दोन वर्सं झाली. औंदा पावसानं मागाची खोली सगळी वल्ली झालीया. भिंतीला बुरशी, लाकडाला बुरशी, आप्पाच्या पटक्याला बुरशी. परवा त्या लडी काढून बघितल्या, ताण दिऊन बघितलं. एक धागा तुटला न्हाय, कुठं ठिपका न्हाय.