ठमीच्या गाडीची थरथर

माझ्या गॅरेजमध्ये गिऱ्हाईक स्वतःच गाडीचं निदान सांगायला लागलं की मी पाना खाली ठेवतो. "मग करा तुम्हीच," म्हणतो. गिऱ्हाइकं तुटतात, पण डोकं शाबूत राहतं. सख्ख्या बहिणीलाही मी यातून सूट दिली नव्हती.

ठमी माझी धाकटी बहीण. चढावर गाडी थरथरते, ही एकच तक्रार घेऊन ती तिसऱ्यांदा आली होती. आधी मी प्लग बदलले होते, मग इंजिनाखालची रबरं आणि पेट्रोलचा फिल्टर. दर वेळी गाडी स्वतः पुलाच्या चढावर नेली आणि ती सुतासारखी सरळ गेली. "तुला भास होतात," असं मी ठमीला तोंडावर सांगितलं होतं. तिचा नवराही तेच म्हणायचा. जावईबापूंचं औषधांचं दुकान आहे आणि जिभेवर कायम साखर.

या वेळी ठमी बसलीसुद्धा नाही.

"दादा, काल फाटकापाशी गाडी थरथरली आणि बंद पडली. रुळांवर. छोटी मागे होती. मी तिचा पट्टा सोडवत होते आणि तो सुटतच नव्हता."

"मग?"

"मग पुन्हा सुरू झाली. किल्ली फिरवत राहिल्यावर."

हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की माझ्याच अंगावर काटा आला. छोटी म्हणजे माझी एकुलती एक भाची.

"तूच चालव आज. मी शेजारी बसतो," मी म्हणालो.

पेट्रोलचा दाब दाखवणारं मीटर इंजिनाला जोडलं आणि चिकटपट्टीने पुढच्या काचेवर बसवलं. मग सवयीने कॅन उचलला. गॅरेजात गाड्या बहुधा कोरड्याच येतात, म्हणून चालवून बघण्याआधी पदरचं थोडं पेट्रोल घालायचं, ही आमच्या धंद्याची रीत. ठमीने माझं मनगट धरलं.

"ते घालू नकोस. मी जशी चालवते तशीच चालवू दे."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आजवर मी रोग्याला पोटभर जेवू घालून विचारत होतो, भूक लागते का म्हणून.

पुलाच्या मध्यावर मीटरचा काटा पडायला लागला. आधी स्टिअरिंग थरथरलं, मग दारं, मग माझे दात. मागून ट्रक येत होता आणि त्याचा हॉर्न थांबत नव्हता. एवढी वर्षं गाड्यांच्या पोटात हात घालतोय, पण चालत्या गाडीत बसून मी असा कधी घाबरलो नव्हतो. ठमीने मात्र पायाने ॲक्सिलरेटर हलकेच सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला, आणि गाडी कशीबशी माथ्यावर आणली. हा तिचा रोजचा सराव होता. ते बघून मला रडू यायचं बाकी राहिलं.

गॅरेजात येऊन मागची सीट उचलली आणि टाकीतला पंप बाहेर काढला. करपून काळा पडला होता. पंप पेट्रोलात बुडालेला असला की गार राहतो. हा बिचारा तळाशी पडून हवा गिळत होता, आणि चढ आला की उरलंसुरलं पेट्रोलही मागे सरकत होतं.

"ठमे, टाकी कधी भरतेस की नाही?"

मी टॉर्च धरून टाकीत डोकावलो. तळाला बोटभर लांबीचा नळीचा तुकडा पडला होता. चिमट्याने काढला. पेट्रोलने पिवळा आणि कडक झालेला, पण ओळखू येत होता. दवाखान्यात सलाईन लावतात, ती नळी.

मी तुकडा तिच्यासमोर धरला. तिने आधी गॅरेजच्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रोज संध्याकाळी ते पेट्रोल काढून घेतात," ती म्हणाली. "छोटीला शाळेत सोडून परत येण्यापुरतं ठेवतात. काटा त्याच्या वर दिसला की विचारतात, कुठे निघालीस."

"आणि किल्ली?"

"किल्ली खुंटीलाच असते. सगळ्यांना सांगतात, मी काय बायकोला कोंडून ठेवतो का?"

माझं डोकं भणाणलं. पाना घेऊन मी तसाच निघालो होतो, तिने दाराशी अडवलं. "तू त्यांना हात लावशील आणि घरी जाऊन तो राग माझ्यावर निघेल. छोटी आत्ता त्यांच्याजवळ आहे. मी बाहेर पडले की तिला ठेवूनच घेतात." तिने बाही जरा वर केली आणि लगेच खाली ओढली. मला जे दिसायचं ते दिसलं. मी पाना खाली ठेवला आणि बाकावर बसलो.

"इथेच राहा दोघी."

"इथे ते लगेच येतील. मावशीकडे जाते, घाटापलीकडे. उद्या छोटीला शाळेतून घेते आणि मागे वळत नाही. तू टाकी काठोकाठ भर, दादा. पण काटा वर जाऊ देऊ नकोस."

टाकीत एक तरंगणारा गोळा असतो. तो पेट्रोलबरोबर वर उठतो तसा काटा उठतो. मी नवा पंप बसवला आणि तो गोळा तारेने तळाशी घट्ट बांधून टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच मी मुद्दाम गाडी बिघडवत होतो. तार दोनदा निसटली. मग टाकी गळ्यापर्यंत भरली. काटा शून्यावर, शेजारी लाल दिवा.

दिवेलागणीला जावईबापू हजर. छोटी त्यांचं बोट धरून.

"काय म्हणतेय आमची लाडकी गाडी, दादा?"

"पंप गेला होता. नवा घातलाय."

त्यांनी किल्ली फिरवून काटा बघितला. मग खाली उतरले, मागच्या चाकाशी गेले आणि कमरेने गाडीला दोन धक्के दिले. कान टाकीकडे. टाकी अर्धी असली तर पेट्रोल डुचमळतं. रिकामी टाकी गप्प असते, आणि काठोकाठ भरलेलीही. माझा हा धंदा आहे म्हणून मला ठाऊक. त्यांना ठाऊक नसावं, एवढंच मी मनात घोकत राहिलो.

"थेंब नाही की हो," ते खूश होऊन म्हणाले. "चल, जाता जाता पेट्रोल पंपावरून थोडं घालून घेऊ."

हा विचार मी केलाच नव्हता. पंपावर नळी लावताक्षणी पेट्रोल उलटं बाहेर आलं असतं.

"अहो, छोटी पेंगुळलीय," ठमी म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "आता कुठे रांगेत थांबता? घरापर्यंत जाईल गाडी. सकाळी तुम्हीच घालून आणा."

ते तिच्याकडे बघत राहिले. तिने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान त्यांना आवडली असावी.

"बरं. सकाळी मीच घालीन," ते म्हणाले.

म्हणजे उद्या शाळेतून निसटायचा बेत गेला; सकाळी पंपावर सगळं उघडं पडलं असतं. तिच्या हातात आता फक्त आजची रात्र होती. दार लावताना ठमीने माझ्याकडे बघितलं, आणि हे तिलाही कळलंय, हे मला कळलं.

मी रात्रभर अंथरुणाला पाठ टेकली नाही. पंपाची जोडणी मनातल्या मनात शंभरदा तपासली. एखादी नळी सैल राहिली असेल तर? घाटाच्या वळणावर ती पुन्हा थरथरली तर? मावशीकडून फोन नाही, ठमीचा नाही. मी लावायचा नव्हता, फोन कुणाच्या हातात असेल याचा भरवसा नव्हता.

उजाडल्यावर फोन वाजला. जावईबापू.

"ठमी तिकडे आलीय का?" आवाजातली साखर पार विरघळली होती. "छोटीपण नाही. गाडी नाही."

मी भिंतीला टेकलो.

"दादा, ऐकताय ना? लांब जाऊच शकत नाही ती. टाकीत थेंब नव्हता, तुमच्यादेखत बघितलं मी. मी चौकापर्यंत बघून आलो, आता मागची गल्ली बघतो."

"बघा," मी म्हणालो. "असेल तिथेच कुठेतरी."