गोठ्यातली मोटार

मी मोटार बोलतेय. हसू नका. हिंजवडीच्या रस्त्यावर एकमेकींच्या पाठीला नाक लावून रखडलेल्या त्या डब्यांनाही तुम्ही मोटार म्हणता, म्हणा बापडे. आमच्या वेळी मोटार आली की लोक ताटावरून उठून बाहेर यायचे.

माझा जन्म विलायतेतला. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. नक्की साल विचारू नका, बाईला वय विचारत नाहीत. बोटीनं मुंबईला उतरले आणि घाट चढून पुण्याला आले. कॅम्पातल्या एका बॅरिस्टरांनी मला घेतलं. पितळी दिवे, कापडी टप, चढायला लांब पायरी आणि आत मऊ गादी. नुसतं माझं पितळ घासायला एक माणूस ठेवला होता. माज होता हो मला, कशाला खोटं बोलू!

पण दिवस सारखे नसतात. बॅरिस्टर गेले, मुलं परदेशी स्थायिक झाली आणि बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. टेबल-खुर्च्यांच्या रांगेत मीही उभी. मला उचललं वारज्याच्या रंगरावांनी. फिरायला? छे! त्यांना माझं इंजिन हवं होतं, विहिरीचं पाणी उपसायला. माझं मागचं चाक अधांतरी उचललं, त्यावर पट्टा चढवला आणि पट्ट्याला पंप जोडला. झालं! बॅरिस्टरांची लाडकी मी उसाला पाणी पाजू लागले. सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एकदा पाटातून पाणी खळाळत गेलं आणि रंगरावांचा मुलगा भैरू, ऐन विशीतला, बांधावर उभा राहून मोठ्यानं हसला. मोटारीत बसून हवा खाणाऱ्यांपैकी कुणी माझ्यामुळं असं हसलेलं मला आठवत नाही.

पुढं विहिरीवर विजेचा पंप आला आणि मला गोठ्यात ढकललं. एका बाजूला कडब्याची गंजी, दुसऱ्या बाजूला हरण्या आणि हौशा ही बैलजोडी; पुढं बैल बदलले, पण नावं तीच राहिली. शेजार चांगला होता. बैल उगाच बोलत नाहीत.

रंगराव गेले, भैरू म्हातारा झाला आणि तोवर शहरानं हातपाय पसरले. महामार्ग आला, त्यामागून बिल्डर आले. शेत गेलं, बदल्यात तिथंच होणाऱ्या सोसायटीत एक फ्लॅट ठरला. शेतच नाही तर बैल कशाला? भैरूनं हरण्या-हौशाला मावळातल्या एका पाहुण्याला दिलं. टेम्पो निघाला तेव्हा हा माझ्या आड तोंड लपवून रडला. मी पाहिलंय.

त्या वर्षीचा पोळा मी विसरायची नाही. त्याच्या बायकोनं, मालनबाईनं, सवयीनं पुरणपोळी केली. ताट घेऊन भैरू गोठ्यात आला आणि रिकाम्या दावणीपुढं नुसताच उभा राहिला. मग हळूच माझ्याकडं वळला. माझ्या अंगाला हळद-तूप चोळलं, बैलांच्या खांद्याला चोळतात तसं. कपाळावर कुंकू लावलं. आणि रेडिएटरचं झाकण उघडून पुरणपोळीचा घास आत सोडला!

का, तर बाप त्यातून मला पाणी पाजायचा. जनावर जिथून पाणी पितं तिथूनच खात असणार, एवढा साधा हिशोब.

"खा रं," तो म्हणाला. "आता तूच हाईस."

मी बाईमाणूस, पण त्यानं मला बैल ठरवलं. चालायचंच. त्यानंतर दर पोळ्याला मला नैवेद्य मिळू लागला.

भैरूची नात शेफाली हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. दिवसभर काचेच्या इमारतीत बसणारी ही पोरगी रविवारी माझ्याजवळ येऊन बसायची. एकदा ती तावातावानं सांगत आली, "आबा, बिल्डर सहा महिन्यांत गोठा पाडणार. आणि सोसायटीचे लोक म्हणतात, पार्किंगमध्ये फक्त चालू गाडी ठेवता येईल. ही स्वतःच्या चाकांवर गेटमधून आत आली तरच जागा, नाहीतर भंगारात."

भैरू दावणीचा दोर हातात घेऊन बोटांनी उसवत बसला. मला कळलं, आणखी एक टेम्पो हा माणूस सोसणार नाही.

शेफालीनं मैत्रिणीच्या काकांना आणलं. अनंतराव, सदाशिव पेठेतले, कारखान्यातून निवृत्त. हात सोन्याचे आणि जीभ कात्रीची. मला पाहून म्हणाले, "हिला दुरुस्त करायचं की हिचं श्राद्ध घालायचं, ते आधी ठरवा."

पण जीव ओतला हो माणसानं. इंजिन उतरवलं, एकेक भाग रॉकेलनं धुतला. मिळाले नाहीत ते भाग घडवून घेतले, गादी नव्यानं भरून घेतली. शेफाली शनिवार-रविवार कोपरापर्यंत काळी. हळद-तुपाचा थर खरवडला तर खालचा पत्रा शाबूत, गंजाचा डाग नाही. "हे कुणी सुचवलं?" अनंतरावांनी विचारलं. भैरूनं मान खाली घातली.

इंजिन सुरू झालं तेव्हा मालनबाईनं माझी दृष्ट काढली. पण हाय रे दैवा! गोठ्याच्या दारापर्यंत जाईतो मी रागावल्यासारखी तापायचे, वाफ सोडायचे आणि बंद पडायचे. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. आठवडे चालले. बिल्डरचं मशीन बाहेर येऊन उभं राहिलं.

"काका, एक्झॅक्टली प्रॉब्लेम काय आहे?" शेफाली रडकुंडीला आली होती.

मला ठाऊक होतं, पण सांगू कशी? शेवटी अनंतरावांनी रेडिएटर उतरवून कापला. आत काळाकुट्ट, चिकट लगदा. नळ्या ठार बुजलेल्या. त्यांनी वास घेतला, बोटावर घेऊन पाहिलं.

"गूळ?" ते ओरडले. "अहो, ही मोटार आहे की सत्यनारायण? कुणी केला हा उद्योग?"

भैरू पुढं आला. "म्या घातली पोळी. सणासुदीचं जनावर उपाशी ठिवायचं व्हय?"

शेफालीनं आजोबांचा हात धरला आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अनंतरावांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच नाक शिंकरलं. "असू द्या," ते म्हणाले. "प्रेमानं गाड्या बंद पडतात, हे मात्र कंपनीत कुणी शिकवलं नव्हतं."

नळ्या नव्या बसल्या. गोठा पाडायच्या सकाळी शेफालीनं मला बाहेर काढलं. भैरू बाजूनं चालत होता, माझ्या मडगार्डवर हात ठेवून. आणि मी चालले हो! स्वतःच्या चाकांवर गेटमधून आत गेले. वॉचमननं चक्क सलाम ठोकला.

आता मी तळमजल्यावर, रंगवलेल्या चौकोनात असते. भैरू सातव्या मजल्यावर. त्याला वर करमेना. रोज खाली येऊन माझ्या पायरीवर टेकायचा. परवा सेक्रेटरी आले. "आजोबा, पार्किंगमध्ये बसू नये. आपल्यासाठी बाग केली आहे ना."

ती बाग म्हणजे याचंच उसाचं रान. पण भैरू गुमान उठला, धोतर झटकलं. मला जागा मिळाली आणि जमीन ज्याची, त्याला टेकायलाही नाही?

शेफाली कंपनीच्या बसमधून उतरून येतच होती. तिनं सगळं ऐकलं आणि सरळ माझं दार उघडलं. "आबा, आत बसा. मालकानं स्वतःच्या गाडीत बसू नये, असा नियम आहे का हो, काका?"

"तसा नियम नाही," सेक्रेटरी म्हणाले आणि चष्मा पुसत निघून गेले.

भैरू दाराशी घुटमळला. उभ्या जन्मात तो माझ्या आत बसला नव्हता. जनावराकडून काम घ्यावं, त्याच्यावर बसू नये, असं त्याला वाटायचं. त्यानं चपला काढल्या, पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि आत येऊन अवघडून बसला. मग हळूहळू पाठ टेकली.

"आय गं," तो म्हणाला, "लई मऊ हाय की." आणि त्याचा डोळा लागला.

आता तो रोज येतो. म्हणून एक विनंती. आमच्या सोसायटीत कधी आलात, तर गाडी बेतानं लावा आणि कृपा करून हॉर्न वाजवू नका. मागच्या सीटवर माझा म्हातारा झोपलाय.